स्पीकरवरचा पांढरा डाग

रंगातलं सगळं नानासोंना कळतं, असं गावात फारसं कुणी म्हणत नसे. ते स्वतःच म्हणत. पण त्यात तथ्य होतं. इस्लामपूरजवळच्या त्यांच्या गावात पस्तीस-चाळीस हंगाम त्यांनी गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून काढले होते. काहिलीत रस उकळत असताना लांबून नुसती नजर टाकून गुळाची ढेप पिवळी उतरणार की तांबूस हे ते सांगत, आणि ढेपही बिचारी त्यांचा शब्द मोडत नसे. त्यामुळे भाच्याच्या मुलीच्या बारशाला सुलाबाई चार दिवस फलटणला निघाल्या, तेव्हा त्यांची एस्टी वळणाआड जायच्या आधीच नानासोंचा बेत पक्का झाला. स्पीकरवरचा डाग काढायचा!

हे स्पीकर म्हणजे घरातलं दैवतच. सुलाबाईंचे वडील, त्यांचे दादा, फलटणचे नावाजलेले सुतार. लेकीच्या लग्नात त्यांनी सागवानाची दोन खोकी स्वतःच्या हातानं केली, आत पुण्याहून आणलेले स्पीकर बसवले आणि वरून लाखेचं पॉलिश चढवलं, असं की त्यात बघून भांग पाडावा. वडील गेले, खोकी राहिली. रोज सकाळी त्यावर भजनं लागत. ती पुसायची फक्त सुलाबाईंनी, तीही जुन्या मऊ बनियननं. बाकी कुणी हात लावायचा नाही. नानासोंनी तर जवळच्या भिंतीलाही टेकायचं नाही.

त्याला कारण होतं. डाव्या खोक्याच्या माथ्यावर भाकरीएवढा पांढरा गोल डाग होता. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत नानासोंनी तिथं गरम दुधाचं पातेलं ठेवलं होतं. त्याला चाळीस वर्षं झाली, पण डाग जागचा हलला नाही आणि सुलाबाईंचं बोलणंही. आमटीत मीठ जास्त पडलंय म्हणावं, तर गरम पातेलं लाकडावर ठेवणाऱ्यानं दुसऱ्याच्या चुका काढू नयेत. पोराच्या लग्नात मानाचा फेटा कुणाला द्यायचा हा वादसुद्धा शेवटी पातेल्यावरच मिटला होता. नानासोंना तो प्रसंग लख्ख आठवे. पातेल्याची कड, बोटाला बसलेला चटका, सगळं.

त्यांनी इस्लामपूरच्या निजाम मिस्त्रीला फोन लावला. निजामचं आयुष्य कपाटं-पलंगांना पॉलिश करण्यात गेलेलं. त्यानं नीट समजावलं. कापसाचा बोळा मलमलीत बांधायचा, त्याला स्पिरिटचा नुसता वास लागला पाहिजे, आणि डागावरून हळूच फिरवायचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, तेव्हा हात आवरायचा. नानासो हो-हो म्हणाले. बोळा फिरवला आणि डाग निम्मा फिका पडला! आता इथं थांबेल तो माणूस शहाणा. नानासोंनी बाटली उपडी केली.

डाग गेला. त्याच्याबरोबर सासऱ्यांचं पॉलिशही गेलं. माथ्यावर ताटाएवढं उघडं लाकूड दिसायला लागलं. ते आजूबाजूला मिळतंजुळतं व्हावं म्हणून नानासोंनी पॉलिश पेपर घेऊन घासायला सुरुवात केली. माथा झाला, तर बाजू काळ्या वाटायला लागल्या. बाजू घासल्या, तर शेजारचं खोकं परक्या घरचं दिसायला लागलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही खोकी जन्मली तेव्हा असतील तशी उघडी झाली, आणि नानासोंच्या कपाळाला घाम फुटला.

पण गुळव्यानं रंगाला भ्यायचं म्हणजे पैलवानानं मातीला भ्यायचं. पूर्वीचा रंग तांबूस होता, आणि असला तांबूस तर त्यांनी आयुष्यभर काहिलीत काढला होता. निजामला विचारावं तर आपलं अज्ञान उघडं पडणार. शिवाय चुन्यात गूळ घालून बांधलेल्या भिंती पिढ्यान् पिढ्या उभ्या आहेत. मग लाकडानं काय घोडं मारलंय? दुसऱ्या दिवशी त्यांनी जवसाचं तेल कोमट केलं, त्यात घरची काकवी ओतली, एकजीव होईपर्यंत घोटलं आणि दोन्ही खोक्यांवर सढळ हातानं चढवलं. काय रंग आला म्हणता! नानासोंनी स्वतःच दोन पावलं मागं जाऊन स्वतःला शाबासकी दिली.

फक्त ते वाळेना. पंख्याखाली ठेवलं, वाळेना. उन्हात ठेवलं, तर अंगणातली धूळ येऊन बसली. धूळ बसू नये म्हणून वर्तमानपत्र गुंडाळलं, तर ते चिकटलं, आणि सोलून काढल्यावर साखर कारखान्याच्या वार्षिक सभेची नोटीस उलट्या अक्षरांत सासऱ्यांच्या सागवानावर उमटली. मग मुंग्या आल्या. त्या इतक्या शिस्तीत आल्या, जणू सभेलाच निघाल्या होत्या. शेवटी नानासोंनी खोकी गोठ्यात नेली, स्टुलावर ठेवली आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या परातीत उभे केले.

तेवढ्यात सुलाबाईंचा फोन आला. बारसं आटोपलं होतं, त्या एक दिवस आधीच, म्हणजे उद्या दुपारी येणार होत्या. नानासो पांढऱ्या चेहऱ्यानं गोठ्यात परतले, तर म्हैस दावं ताणून, डोळे मिटून डावं खोकं चाटत होती. जवस आणि काकवी! इतकी चांगली पेंड तिला जन्मात कुणी घातली नव्हती.

आता अब्रू धरून उपयोग नव्हता. त्यांनी निजामला बोलावलं, आणि तो तासाभरात स्कूटरवर सामान बांधून आला. एक खोकं चाटून लख्ख, दुसरं आधीच चिकटलेल्या मुंग्यांनी काळं. निजामनं दुसऱ्यावर बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि मान हलवली.

"नानासो, पाक बेस जमलाय. खोकी तेवढी गेली."

मग मात्र तो बसला. गरम पाण्यानं धुणं, वाळवणं, घासणं, आणि मग बोळ्यानं लाखेचा एकावर एक पातळ हात. रात्री तो तिथंच झोपला आणि सकाळी पुन्हा लागला. दुपारी बारापर्यंत खोकी अशी झळकली की नानासोंच्या डोळ्यांत पाणी आलं. तोच तांबूस रंग, तीच झाक.

"रंग त्योच हाय," निजाम हात पुसत म्हणाला. "पर हात माझा हाय, त्यांचा न्हाई. वैनींना कळंल."

सासऱ्यांच्या हाताची घरात तेवढीच एक खूण होती, आणि ती त्यांनी स्पिरिटच्या बाटलीत बुडवली होती. चाळीस वर्षं बोलणी खाल्ली, पण एवढं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

सुलाबाई आल्या. पिशवी खाली ठेवली आणि थेट स्पीकरपाशी गेल्या. माथ्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. नानासोंना ते सहन होईना. त्यांनी स्पिरिटपासून म्हशीपर्यंत सगळं सांगून टाकलं, आणि तुझ्या वडलांचं काम मी बुडवलं, म्हणून हात जोडले.

सुलाबाई मटकन खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. रडतायत म्हणून नानासो पाणी आणायला वळले, तर मागून हसणं ऐकू आलं.

"दादा सांगून गेल्ते, धा वर्सांनी पॉलिश नवं करा. म्याच हात लावू दिला न्हाई."

"का गं?"

"त्यो डाग मिटला असता की. आवं, पातेलं म्या ठिवलं हुतं. दादा दुसऱ्या दिवशी दिवाळीला यायचे हुते. लेकीवर चिडलं असतं, जावयाला काय बोलणार? म्हून तुमचं नाव सांगितलं."

नानासोंनी आपलं बोट डोळ्यांसमोर धरून पाहिलं. बोटाला बसलेला तो चटका अजून त्यांना आठवत होता.

"आगं, पर मला तर सगळं आठवतंय. पातेलं, चटका..."

"आठवंलच की," सुलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "चाळीस वर्सं म्याच सांगतीया."