बोंद्रेकाकांचं विशाखापट्टणम

बोंद्रेकाकांना चहा विचारला तर ते 'हो' म्हणत नाहीत आणि 'नको'ही म्हणत नाहीत. ते विचारतात, "आन् दुसरं काय आहे?"

दुसरं म्हणजे सरबत आहे, असं सांगितलं की लिंबू आजचं की फ्रिजमधलं, साखर आधी विरघळवली की वरून घातली, अशी चौकशी होते. दहा मिनिटं जातात. मग काका चहा घेतात. आम्ही शेजारी राहायला आल्यापासून ते आमच्याकडे चहाच घेत आलेत. पण सरबताला संधी दिल्याशिवाय एकदाही नाही.

काका भिलाईच्या प्लांटात खरेदी खात्यात होते. तिथला नियम असा, की एका कोटेशनवर काही घ्यायचं नाही. निदान दोन मागवायची, शेजारी शेजारी मांडून तक्ता करायचा, मग सही. प्लांटात हा नियम नटबोल्टांपुरता होता. काकांनी तो घरी आणला. निवृत्त होताना बाकीचे लोक शाल आणि नारळ घेऊन घरी येतात, काका नियम घेऊन आले.

भिलाईच्या सुपेला बाजारात भाजीवाल्या त्यांना लांबून पाहूनच वांगी झाकायला लागतात. एकदा छातीत दुखलं म्हणून डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. काका दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. तोही म्हणाला, गॅसच आहे. झालं, काका घाबरले. "दोघायचं एकच म्हणणं कसं काय? मिळालेले असन साले!" तिसऱ्या डॉक्टरनं हृदयाची शंका काढली तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

कुसुमकाकूंना या सगळ्याची सवय आहे, कारण त्यांची निवडही अशीच झालेली. काका सकाळी आर्वीला काकूंना पाहायला गेले आणि दुपारी पुलगावला दुसऱ्या मुलीला. "पुलगाववाली माह्यापेक्षा गोरी होती," काकू सांगतात, "पन तिच्या घरी पोहे थंडे भेटले. म्हनून मी पास झाली."

"पोहे थंडे नव्हते," काका पेपरामागून म्हणतात. "शेंगदाने खवट होते."

तर अशा माणसाच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली, आणि पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, की बाबा, आईला घेऊन दोन-तीन दिवस कुठंतरी जाऊन या. काका लगेच तयार झाले. आपल्या पेन्शनीत बसेल असं, शुक्रवारी निघायचं, सोमवारी परत. फक्त कुठं जायचं ते ठरवायचं होतं.

काकूंचं ठरलेलंच होतं. "मले समुद्र पाहाचा आहे," त्या म्हणाल्या. दोघांनीही आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. दुर्गहून संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी विशाखापट्टणम. दुसरं कुणी असतं तर प्रश्न तिथंच संपला असता.

काकांनी विचारलं, "आन् दुसरं काय आहे?"

दुसरं हैदराबाद निघालं. काकांनी एक जाड रजिस्टर काढलं, पानाच्या मधोमध रेघ मारली, आणि आमच्या गल्लीवर संकट आलं. कोण कधी दक्षिणेत गेलं होतं याचा शोध सुरू झाला. कुम्हारीला एकजण हैदराबादला मधुचंद्राला जाऊन आला होता असं कळलं, तर काका बसनं कुम्हारीला गेले. त्या माणसाचा तोवर घटस्फोट झाला होता. काकांनी तरीही त्याला हॉटेलच्या गाद्यांबद्दल विचारलं. समोरच्या राव आंटींचं माहेर विशाखापट्टणमजवळचं. त्यांना तर रोज फाटकाशी गाठून, "आंटीजी, समुंदर कितने बजे तक खुला रहता है?"

राव आंटी सज्जन बाई. त्या म्हणाल्या, "भाईसाब, उसका गेट नहीं है."

काकांनी तेही लिहून घेतलं.

माझी नेमणूक मोबाइलवर हॉटेलं शोधायला झाली होती. शाळेत दिवसभर पोरांना हिंदी व्याकरण शिकवून मी घरी येते, तर काका ओट्यावर रजिस्टर घेऊन हजर. मी एक हॉटेल दाखवलं, स्वस्त, स्वच्छ, खिडकीतून पाणी दिसणारं. काका म्हणाले, "पायऱ्या किती?"

"मले काय माहीत काका! फोटोत दिसून नाई राहिल्या."

"दिसून नाई राहिल्या म्हनजे असनच. लपवते थे लोकं."

असे दोन महिने गेले. एकदा मी न राहवून काकूंसमोरच म्हटलं, "काका, समुद्र पाहाचा आहे त्याईले. हैदराबादले समुद्र आहे का?"

"तलाव आहे," काका म्हणाले. "मोठा आहे. आन् समुद्राचं मले सांग वैशू, समुद्र पाहून झाल्यावर मानूस काय करन?"

काकू डावा पाय लांब करून लसूण सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी पुन्हा पाहीन."

काकांनी रजिस्टर मिटलं आणि उठून गेले. मला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला. चाळीस वर्षं एका बाईनं तुमचं तक्त्यांचं वेड सोसलं, आणि तिची एक मागणी तुमच्याच्यानं पुरी होत नाही! घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, की हा माणूस कंजूसही नाही आणि चिकित्सकही नाही, नुसता भित्रा आहे. निर्णय घ्यायची भीती वाटते, म्हणून तक्ते. नवरा म्हणाला, तू मास्तरीण आहेस, तुला सगळ्यांचे पेपर तपासायची सवय आहे. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मी ठरवलं होतं, की सुट्टी लागली की आपणच काकूंना घेऊन जायचं.

पण त्याआधीच एका शुक्रवारी काका नागपूरला गेले. बहिणीची तब्येत बरी नाही म्हणाले. छोटी बॅग, पाण्याची बाटली, आणि काखेत रजिस्टर. आजारी बहिणीकडे रजिस्टर कशाला, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

शनिवारी दुपारी काकूंनी भिंतीवर थापा मारून मला बोलावलं. मी गेले तर त्या पलंगावर बसलेल्या, हातात फोन. नागपूरच्या नणंदेचा फोन आला होता. ठणठणीत होती. विचारत होती, "भाऊ कसा आहे? लय दिवसांत आला नाई."

"मंग हे गेले कुठं?" काकूंनी मला विचारलं.

काकांचा मोबाइल बंद होता. मी माझ्या नवऱ्याला स्पीकरवर फोन लावून सांगितलं, तर तो म्हणाला, "काकांनी दुसरं कोटेशन मागवलं वाटते!" मला हसू आलं. मी हसलेही. आणि मग काकूंचा चेहरा पाहिला. त्यांनी ऐकलं होतं.

दोन दिवस मी त्यांच्याचकडे होते. काकू रडल्या वगैरे नाहीत. पण स्वयंपाक दोघांचा करत होत्या आणि स्वतः जेवत नव्हत्या. रविवारी संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "पुलगाववाली गोरी होती वं वैशू." मी म्हटलं, काकू, ती आता पासष्टीची असेल. त्या म्हणाल्या, "मीबी तं त्यातच आहो."

बाहेर गल्लीला वास लागलाच होता. कुणी म्हणालं कर्ज असेल, कुणी म्हणालं बाबा-महाराजाच्या नादी लागले असतील. मी सगळ्यांना गप्प केलं, पण मनातून मीही काकांना नापास करून मोकळी झाले होते.

सोमवारी सकाळी दुर्ग स्टेशनाहून ऑटो आली. काका उतरले. मान मागून भाजून लाल झालेली, चपलांना वाळू चिकटलेली, पँट अजून घोट्यांच्या वर दुमडलेली. मला दारात पाहून म्हणाले, "शाळा नाई का आज?"

"कुठं गेले होते तुम्ही?" मीच ओरडले. "नागपूरले तं नव्हते!"

काका आत आले. काकू उभ्या होत्या, भिंतीला धरून. काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पकडलेल्या पोरासारखे खुर्चीच्या कडेवर बसले.

"विशाखापट्टनम," ते म्हणाले.

मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि ते काकूंकडे सरकवलं. पान विशाखापट्टणमचं होतं. मधली रेघ खोडलेली. खाली काकांच्या बारीक अक्षरात सहा हॉटेलांची नावं. पहिलं, पायऱ्या सतरा, कठडा नाही. दुसरं, लिफ्ट आहे पण लिफ्टपर्यंत चार पायऱ्या. मी दाखवलेलं हॉटेल तिसरं होतं, पायऱ्या अकरा, निसरड्या. शेवटच्या नावापुढे दोनदा टीक, उतार आहे, पायरी एकही नाही, संडास खुर्चीचा. त्याखाली रस्ता. हॉटेलच्या फाटकापासून वाळूपर्यंत किती पावलं, मध्ये बसायला बाक कुठं कुठं, कोणत्या बाकावर सावली.

"तुह्या चालीनं चाललो," काका काकूंना म्हणाले. "डावा पाय घासत. दोनदा जाऊन आलो. लोकं पाहून राहिले होते. एकानं तं हात धरून रस्ता पार करून देला."

"पन सांगून जायचं!" मी म्हटलं. "कावून खोटं बोलले?"

"सांगतलं असतं तं थे म्हनली असती, मलेबी न्या." काका माझ्याशी बोलत होते, बघत मात्र फरशीकडे होते. "नेलं असतं, आन् पायऱ्या निघाल्या असत्या, मंग? मागच्या साली डोंगरगडले देवीले गेलो, हजार पायऱ्या. रोपवेची हिले भेव वाटते. म्हने, तुमी जाऊन या वर, मी बसतो. चार घंटे खाली बसून राह्यली, लोकायच्या चपलायजवळ. मी वर गेलो, दर्शन केलं. माह्या ध्यानात काहीच नाई राह्यलं. उतरून आलो तं हिनं विचारलं, कशी होती देवी? मले सांगताच नाई आलं."

काकू रजिस्टरवर बोट ठेवून उभ्या होत्या. मला तिथून निघायला हवं होतं, पण माझा पाय निघेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मंग काका, कसा आहे समुद्र?"

"मले काय माहीत?"

"म्हणजे?"

"पाह्यला नाई," काका म्हणाले. "जातानी मान खाली घालून गेलो, तिथं पाठ करून उभा होतो. मोजायचंबी तसंच मोजलं, उलटं, वाळूकडून हॉटेलाकडे. हिच्या आंधी कसा पाहू?"

पुढच्या महिन्यात ते दोघं गेले, त्याच बिनपायरीच्या हॉटेलात राहिले, आणि काकूंनी समुद्र पाहिला, पुन्हा पाहिला, परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत पाहिला. ते सगळं त्यांनी मला परत आल्यावर सविस्तर सांगितलं. पण मला जास्त आठवते ती काका एकटे परतल्याची सोमवारची सकाळ. काकूंनी गॅसवर पाणी ठेवलं, काकांच्या भाजलेल्या मानेला लावायला खोबरेल तेल काढलं, आणि मला म्हणाल्या, "तू जाय आता, वैशू. शाळेले उशीर होते."

मी निघाले. चपला घालत होते तेव्हा आतून काकूंचा आवाज आला.

"पाह्यला नाई तं नाई. कान तं उघडे होते नं? आवाज कसा येते थो सांगा."

काकांनी खुर्ची जवळ ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "मालगाडी जाते नं पुलावरून, तसा. फक्त डबे सरत नाईत."