फाटकाचं विधेयक आणि काकवीची वडी

"आज मला त्या मेल्याचं तोंड बघायचंय," टोस्टवर लोण्याचा थर देता देता ओल्वेनबाईंनी जाहीर केलं, आणि लायोनेल विगमोरच्या चमच्यातलं अर्धकच्चं अंडं सरळ त्याच्या टायवर उतरलं.

"कुणाचं, आई?" त्याने विचारलं. टाय पुसायच्या निमित्ताने निदान मान खाली घालता आली.

"कुणाचं म्हणजे? दर शुक्रवारी माझ्या फाटकाच्या मुळावर उठतो त्याचं! तो 'हरकत!' म्हणून ओरडणारा. शनिवारी रेडिओवर संसदेची हकीगत सांगतात ना, त्यात ऐकते मी त्याचा आवाज. घशात काटा अडकलेल्या बोक्यासारखा ओरडतो. एवढ्यासाठी वेल्सहून आलेय. गॅलरीत बसून त्याला डोळे भरून बघणार. नेरिस, तो मुरंबा सरकव इकडे."

नेरिसने आईकडे मुरंबा सरकवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो मेला कोण हे तिला चांगलं ठाऊक होतं. तो तिच्यासमोरच टाय पुसत बसला होता.

लायोनेल हा सरकार पक्षाचा कनिष्ठ प्रतोद. प्रतोदाने सभागृहात भाषण करायचं नाही अशी तिथली रीत आहे. आपल्या पक्षाची मेंढरं मतदानाच्या वेळी हाकत आणायची आणि स्वतः तोंडाला कुलूप लावून बसायचं. अपवाद फक्त शुक्रवारचा. शुक्रवारी साध्यासुध्या खासदारांनी हौसेने आणलेली विधेयकं येतात. अडीच वाजले की चर्चा खलास, उरलेल्या विधेयकांची नुसती नावं वाचतात. नाव वाचल्यावर सगळे गप्प राहिले, तर विधेयक पुढे सरकतं. एकाने जरी 'हरकत!' अशी आरोळी ठोकली, तरी ते आडवं, पुढच्या शुक्रवारी पुन्हा रांगेत. का आणि कशासाठी, हे सांगायचं नाही आणि ओरडणाऱ्याचं नाव कुठे लिहायचं नाही. सरकारला नको असलेली विधेयकं अशी आडवी करण्याचं पुण्यकर्म लायोनेलकडे होतं. दांडग्या मतांनी निवडून आलेला हा गृहस्थ प्रतोद झाल्यापासून लोकशाहीच्या त्या मंदिरात एवढा एकच शब्द बोलला होता.

आणि ओल्वेनबाईंचं फाटक? बाईंचे यजमान गावाच्या चॅपलमागे, टेकडीवर विसावले होते. चॅपलची वाट शेतातून जायची, आणि शेताच्या कुंपणावर चढून पलीकडे उतरायला लाकडी शिडी होती. बाईंच्या गुडघ्यांनी त्या शिडीपुढे केव्हाच हात टेकले होते. शेतमालक फाटक बसवायला तयार नव्हता. मग बाईंनी तिथल्या खासदाराचा, विरोधी पक्षाच्या इद्रिस बेबचा, असा पिच्छा पुरवला की तो बिचारा विधेयकच घेऊन आला: गावच्या म्हाताऱ्यांनी मागितलं, तर पायवाटेवर शिडीऐवजी फाटक बसवलंच पाहिजे. बड्या जमीनदारांनी नाकं मुरडली, म्हणून खात्याने मुरडली, म्हणून लायोनेलला ओरडावं लागलं. सासूबाईंना मात्र तो दर रविवारी फोनवर सांगायचा, "आतून प्रयत्न चाललेत, आई."

स्वयंपाकघरात नेरिसने त्याला कोपऱ्यात गाठलं.

"आता तरी सांगून टाक तिला."

"आज? दुपारी सांगू?"

"दुपारी कशाला, तिने गॅलरीतून छत्री फेकून मारल्यावर सांग!"

"छत्री आत नेऊ देत नाहीत," लायोनेल म्हणाला. त्या क्षणी त्याला तेवढाच आधार होता.

कचेरीत पोचल्या पोचल्या तो मुख्य प्रतोदांकडे गेला. सर हेक्टर ब्रॅमली म्हणजे गडगडाटी मनुष्य. त्यांच्या खोलीतून बाहेर येणारा खासदार आत गेला होता त्यापेक्षा बुटका दिसायचा.

"साहेब, आज माझ्याऐवजी दुसरं कोणी ओरडलं तर?"

"का? घसा बसलाय?"

"नाही. सासूबाई बसणार आहेत. गॅलरीत."

सर हेक्टर खो खो हसले आणि मग एकदम हसायचे थांबले. "हे बघ विगमोर, शुक्रवारी दुपारी आपली सगळी मंडळी गाड्या पकडून आपापल्या गावी पळतात. बाकावर उरणार तू आणि तो एक धाकटा मंत्री. ते फाटकाचं खूळ आज यादीत पहिलं आहे. ते पुढे सरकलं, तर सोमवारी तुझं टेबल रिकामं कर आणि मागच्या बाकावर जाऊन बस. तिथे सासूसाठी हवा तेवढा वेळ मिळेल."

लायोनेलने डोकं चालवलं. गॅलरीच्या बरोबर खाली, टोकाच्या बाकावर बसलं तर वरून कोणाला दिसत नाही. राहता राहिला आवाज. तो बदलायची तालीम करायला तो प्रसाधनगृहात शिरला, दार लावलं आणि पोटातून खर्ज काढला, "हरकत!"

"कसली हरकत?" शेजारच्या दाराआडून एका वयोवृद्ध खासदाराचा घाबरा आवाज आला. "आत्ताच येऊन बसलोय मी!"

"तुम्हाला नाही, तुमचं चालू द्या," लायोनेल म्हणाला आणि तालीम अर्धवट टाकून बाहेर पळाला.

सभागृहात जायला निघतो, तोच शिपायाने त्याच्या हातात हिरवं कार्ड ठेवलं. बाहेरच्या मोठ्या दालनात उभं राहून कोणीही नागरिक असं कार्ड आत पाठवून खासदाराला बोलावू शकतो. कार्डावर वळणदार अक्षरांत सही होती, ओल्वेन पॅरी.

बाई ठेवणीतली टोपी घालून दालनाच्या मधोमध उभ्या होत्या. आजूबाजूला दगडाचे पंतप्रधान उभे होते, पण रुबाब बाईंचाच जास्त होता.

"सकाळचं अंडं टायनेच खाल्लं," त्या म्हणाल्या. "पोटात काही गेलं नाही तुझ्या. हे घे." त्यांनी पर्समधून डबा काढला. डब्यात काकवीची वडी होती. लोणी आणि काकवी कढवून, फरशीवर ओतून, हाताने ओढून ओढून केलेली, काळीकुळकुळीत.

"नंतर खातो, आई. अडीच वाजत आलेत."

"नंतर म्हणजे खिशात वितळणार. तुझ्या सासऱ्यांना फार आवडायची. त्यांच्या नावाने केलीय. माझ्यासमोर खा."

सासऱ्यांचं नाव निघाल्यावर काय बोलणार? ज्यांच्या वाटेत आपण दर शुक्रवारी शिडी उभी करतोय, त्यांच्या नावाची वडी! लायोनेलला स्वतःची खरोखरच लाज वाटली. त्याने मुकाट्याने तोंड उघडलं. बाईंनी डब्यातली सगळ्यात मोठी वडी निवडून आत सारली.

"चाव हं नीट," त्या म्हणाल्या आणि टोपी सावरत गॅलरीकडे गेल्या.

लायोनेलने चावली. वरचे दात वडीत रुतले, खालचेही रुतले आणि जबडा जो मिटला तो मिटलाच. त्यातून वरचे पुढचे चार दात मूळचे नव्हते, त्यांची कवळी होती. जबडा जोराने उघडू गेला तर कवळी जागची हलायला लागली. सभागृहात खायला सक्त मनाई. अडीच वाजता, सासूबाईंच्या पायाखाली, दातांसकट वडी हातात घेणं हे तर कुठल्याच नियमात बसणारं नव्हतं. गिळावी तर घशातच अडकायची. तो टोकाच्या बाकावर बसला आणि जिभेने आतून धक्के देत राहिला.

अडीच वाजले. सभापतींनी चर्चा तोडली. लेखनिकाने उभं राहून वाचलं, "पायवाटांवरील फाटकांचं विधेयक. दुसरं वाचन."

पुढच्या बाकावरचा मंत्री कागद गोळा करत होता. गाडीची वेळ झाली होती. आरोळी येणारच, ती काय नेहमीच येते, अशा निवांतपणे तो फायलीची नाडी बांधत होता. इद्रिस बेबही सवयीने खांदे पाडून बसला होता.

लायोनेलने सगळा जीव एकवटला. नाकातून शिट्टीसारखं काहीतरी निघालं. तो उठून उभा राहिला, दोन्ही हात हलवले. मंत्र्याने मागे वळून पाहिलं आणि त्याचे डोळेच विस्फारले, पण हे काय चाललंय ते त्याच्या ध्यानात येईना.

"सन्माननीय सदस्यांना काही बोलायचंय?" सभापतींनी विचारलं.

लायोनेलने जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

"मग बोलावं."

लायोनेलने पुन्हा मान हलवली. सभापतींनी क्षणभर वाट पाहिली. हातवाऱ्यांनी हरकत घेतल्याचं उदाहरण त्या सभागृहाच्या इतिहासात नव्हतं, आणि शुक्रवारी दुपारी नवा इतिहास घडवायची सभापतींना इच्छा नव्हती.

"हरकत ऐकू आलेली नाही. दुसरं वाचन मंजूर. विधेयक समितीकडे जाईल. पुढचं!"

गॅलरीतून टाळ्यांचा आवाज आला. गॅलरीत टाळ्या वाजवायला बंदी आहे, त्यामुळे लगेच शिपाई धावल्याचाही आवाज आला. मंत्र्याने पुढची विधेयकं स्वतःच ओरडून आडवी केली, पण फाटकातून म्हातारी केव्हाच पार झाली होती.

सर हेक्टरांच्या खोलीत लायोनेल उभा राहिला, तेव्हा गरम चहाच्या दोन कपांनी वडी सुटली होती आणि तिच्याबरोबर सुटलेली कवळी रुमालात होती.

"एक शब्द!" सर हेक्टर गरजले. "पगार घेऊन एक शब्द बोलायचा होता! त्यापेक्षा पोपट पाळला असता, मिरचीवर भागलं असतं!"

"शाशूबाईंनी वडी..." लायोनेलने रुमाल पुढे केला.

"काढ ते माझ्या टेबलावरून! आणि तुझं टेबल..."

तेवढ्यात फोन वाजला. सर हेक्टर ऐकत गेले, तसतसा त्यांचा चेहरा लाल होता तो गुलाबी झाला. "काय? बेबने सगळ्या पत्रकारांसमोर सरकारचे आभार मानले? बरं... आणि तुम्ही काय म्हणालात, मंत्रिमहोदय? ... पहिल्यापासून?"

त्यांनी फोन ठेवला. घसा खाकरला. "विगमोर, म्हाताऱ्या माणसांना फाटक मिळावं ही सरकारची पहिल्यापासून भूमिका होती. माहीत होतं का तुला?"

"नाही, शाहेब."

"मलाही नव्हतं. सोमवारी वेळेवर ये. दात घालून."

घरी पोचला तो हलका होऊनच. नोकरी वाचली, फाटक मार्गी लागलं, वर त्या मेल्याचं तोंड सासूबाईंच्या दृष्टीस पडलं नाही. सगळं कसं छान जुळून आलं होतं. जेवताना त्याच्याने राहवेना.

"काय हो आई, तो हलकट दिसला की नाही शेवटी?"

"दिसला की," ओल्वेनबाई बटाटे वाढत म्हणाल्या. "सकाळीच दिसला. टायवर अंडं सांडलं होतं त्याच्या."

नेरिसच्या हातातला डाव खाली पडला. लायोनेलचा हात आपोआप टायकडे गेला.

"आई, तुम्हाला... कधीपासून?"

"पहिल्या शनिवारपासून. अरे, माझ्या घरी नाताळात 'आणखी पुडिंग नको' म्हणून ज्या आवाजात ओरडतोस, तोच आवाज. रेडिओवर बदलतो का कुठे?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू ओरडला नसतास तर तुझी नोकरी गेली असती, ओरडलास तर माझं फाटक. माझ्या लेकीचं घर मोडून मला वाट नको होती." बाईंनी बटाट्याचं भांडं खाली ठेवलं. "म्हटलं, पोराला ओरडायचं असूनही ओरडता आलं नाही, असं झालं तर कोणाला बोट दाखवता येणार नाही. काकवी जरा जास्त कढवली, इतकंच."

लायोनेलला एकदम गलबलून आलं. इतके शुक्रवार या बाईने शिव्या देत देत त्याला सांभाळून घेतलं होतं. खुर्ची मागे सारून तो उभा राहिला. माफी मागायची होती, आतून प्रयत्न चाललेत म्हणून जे जे सांगितलं, ते सगळं खोटं होतं असंही सांगायचं होतं. "आई, मी..." त्याने सुरुवात केली.

ओल्वेनबाईंनी डबा उघडला आणि त्याच्या उघड्या तोंडात दुसरी वडी सारली.

"फाटक बसलं की पहिल्या दिवशी तू माझा हात धरून मला वर न्यायचंस. यांना भेटवायचंय तुला. आहे काही हरकत?"

लायोनेलने नाही म्हणून मान हलवली. या सभागृहात तेवढं चालत होतं.