उपवासाला १५२० चालतं का?

डब्याचं लेबल आपणच लिहावं, असं रविराजनं एका रविवारी ठरवलं आणि तिथेच त्याच्या पुढच्या सगळ्या रविवारांची वाट लागली.

सरकारी कचेरीत बावीस वर्षं कारकुनी करून पार विटलेला माणूस तो. घरी आल्यावर त्याला एकच गोष्ट हवी असायची: कुणी काही विचारू नये. पण त्याच्या बायकोनं, दीपमालानं, उपवासाच्या वड्यांचा घरगुती उद्योग काढला होता. शिंगाड्याच्या केशरी वड्या. पहिली मोठी ऑर्डरही आली, शिवरात्रीला ऐंशी डबे, पाथर्डी फाट्याच्या भजनी मंडळाची. "ही फसली ना, तर कढई माळ्यावर टाकीन आणि पुन्हा काही करायचं नाव काढणार नाही," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मग काय करतो बिचारा, बसला लिहायला.

शिंगाड्याचं पीठ, तूप, साखर, वेलची. इथवर ठीक. मग त्यानं चष्मा कपाळावर चढवून केशर इसेन्सची बाटली वाचली आणि लेबलवर उतरवलं, 'वाहक: प्रोपिलीन ग्लायकॉल (INS 1520)'.

"अहो, हे काय आणि?"

"अगं, इसेन्स असतो थेंबभर. तो सगळीकडे सारखा पोचावा म्हणून यात विरघळवतात. याला स्वतःला वास नाही, मत नाही. दुसऱ्याला पोचवायचं आणि आपण कुणाच्या लक्षात यायचं नाही." (बोलता बोलता त्याला त्या द्रव्याबद्दल आपुलकीच वाटू लागली.)

"मग लिहायचं कशाला?"

"खाणाऱ्याला कळायला नको?"

लेबलं छापली, रविराजनं स्वतः ऐंशी डबे भरले, त्यांवर ती चिकटवली. शिवरात्रीला तीन दिवस होते. दुपारी मंडळाच्या प्रमुख सिंधुबाई माल बघायला आल्या. माहेर घोटीचं, आवाज भाताच्या गिरणीशेजारी कमावलेला. त्यांनी लेबल हातभर लांब धरलं.

"ह्यो पंधराशे वीस कोण?"

रविराजनं समजावलं. सरकारची परवानगी असते, किती घालायचं ते ठरलेलं असतं, शिवाय बाटलीवर हिरवा ठिपका आहे, म्हणजे शाकाहारी.

"शाकाहारी तं मेथी बी हाय. उपासाला खाता का?"

त्यानं बाटलीवरच्या कस्टमर केअरला फोन लावला.

"मॅडम, हे उपवासाला चालतं का?"

"सर, प्रॉडक्ट व्हेज आहे, व्हीगन आहे, ग्लूटेन-फ्री आहे."

"ते झालं हो. उपवासाला?"

बराच वेळ संगीत वाजलं. मग मॅडम परत आल्या. "सर, उपवास हा अ‍ॅलर्जीचा प्रकार आहे का?"

रविराजनं फोन ठेवला. दीपमालानं कढईकडे पाहिलं. सिंधुबाईंनी मात्र पदर खोचला आणि स्वतःच चौकशी चालवली.

"धान्य हाय का ते?"

"नाही."

"कडधान्य?"

"नाही."

"कांदा-लसणाच्या जातीचं?"

"कुठल्याच जातीचं नाही हो!"

"मंग चालतं. बटाटा तरी कुठं शास्तर इचारून आला व्हता?"

दीपमालानं इतका मोठा श्वास सोडला की उरलेल्या लेबलांतलं वरचं उडालं. चहा टाकायला ती उठली, तेवढ्यात सिंधुबाईंनी सहज विचारलं, "वड्या भरल्या कोनी?"

"यांनीच," दीपमाला कौतुकानं म्हणाली.

"सकाळच्यानं काय खाल्लं व्हतं भाऊ?"

खोटं बोलायला उत्साह लागतो. तो रविराजकडे उरलाच नव्हता.

"मिसळ."

"कांदा?"

"दोनदा मागून घेतला."

सिंधुबाईंनी समोरचा डबा दोन बोटांनी लांब सरकवला. "हात धुतले होते," तो पुटपुटला, पण ते कुणी ऐकलंच नाही. ऐंशी डबे कॉलनीत वाटले गेले. दीपमालानं दोन दिवस कढई गॅसवरून उतरवली नाही, आणि रविराजनं रजा टाकून, सकाळपासून पाण्यावर राहून, नव्या वड्या भरल्या. वर सिंधुबाईंच्या सांगण्यावरून लेबलवर एक ओळ वाढली, 'उपाशीपोटी भरलेले.'

ऑर्डर फसली नाही. उलट त्या एका ओळीनं नाशिक जिंकलं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष, काही म्हणता काही सुटेना. सिडकोतून मागणी, पंचवटीतून मागणी. दीपमाला इतकी खुश, की तिला नाही म्हणायची रविराजची छाती होईना. आणि प्रत्येक ऑर्डरीआधी फोन यायचा, "भाऊ उपाशी हायेत ना नक्की?"

शेवटी रोज रोज उत्तरं देऊन दीपमाला कंटाळली. डब्यावर हिरव्या ठिपक्याच्या बाजूला यांचा फोटोच छापायचा, असं तिनं ठरवलं. भिंतीशी स्टूल ठेवून तिनं त्याला बसवलं. सकाळपासून पोटात काही नाही, तरी आपला फोटो आता घरोघरी जाणार म्हणून बिचारा जरासा खुलला.

"अहो, हसू नका," मोबाइल खाली घेत दीपमाला म्हणाली. "हसलात की जेवल्यासारखे दिसता."