मागच्या वर्षीचं आमंत्रण

आभासीराव सकाळी दात घासायच्या आधी बातम्या वाचत. या बातम्या राजकारणाच्या नसत, हवामानाच्या नसत, की शेजारीपाजारी काय शिजतंय याच्याही नसत. कोणत्या कंपनीने आभासी यंत्रांची नवी आवृत्ती काढली, कोणत्या आवृत्तीत कसलं भोक सापडलं आणि कुठल्या गावी वापरकर्त्यांचा मेळावा भरतोय, एवढंच त्यांचं जग. ऑफिसचे सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला यातलं थोडंफार ठाऊक असावंच लागतं. पण थोडंफार काही करणं आभासीरावांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी वापरकर्त्यांचं एक मंडळ काढलं होतं, दर आठवड्याला ते सगळ्यांना बातमीपत्र पाठवत, आणि ऑफिसात त्यांचं खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

आभासी यंत्र म्हणजे काय, हे त्यांनी घरी एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं. एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दहा कॉम्प्युटर नांदवायचे आणि प्रत्येकाला वाटू द्यायचं, की सगळं घर आपलंच आहे.

"म्हणजे एका खोलीत दहा बिऱ्हाडं," त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आणि भांडण नाही. हे मात्र आभासीच."

पत्नी शाळेत शिकवत. शाळेत त्यांना सगळे 'बाई' म्हणत आणि हळूहळू घरातही तेच रूढ झालं होतं. बाईंचं मुख्याध्यापकपद दोनदा हुकलं होतं. दोन्ही वेळा त्यांच्याहून कमी वर्षं शिकवलेल्या आणि जास्त बोलणाऱ्या माणसांनी ते पटकावलं होतं. तिसऱ्यांदा संधी आली होती. दुसऱ्या एका शाळेची मुलाखत, तीही घरबसल्या लॅपटॉपवर, रविवारी सकाळी अकराला. बाई महिनाभर तयारी करत होत्या. भाजी चिरतानाही त्यांचे ओठ हलत.

"रविवारी अकरा वाजता घरात चिटपाखरू नको," त्यांनी बजावलं. "अप्पा, तुम्हालाही सांगतेय. बेल वाजता कामा नये."

अप्पा म्हणजे आभासीरावांचे वडील. निवृत्त झाल्यापासून घरी कोणी येत नाही, ही त्यांची कायमची तक्रार होती. तरी त्यांनी मान डोलावली.

"माझी काळजीच नको," आभासीराव म्हणाले. "मी घरात नसणारच. आमचा वार्षिक मेळावा त्याच वेळी आहे, ऑफिसच्या सभागृहात. साहेबांनी मुश्किलीने परवानगी दिलीय."

"तुमचा मेळावा पहिल्यांदा माझ्या कामी आला," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे ऐकून आभासीरावांना दिवसभर बरं वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी एक बातमी आली. नवी आवृत्ती निघाली होती. पलीकडच्या शहरातल्या मंडळाचा प्रमुख अशा वेळी नेहमी आधी चाचणी करून आधी लिहीत असे, आणि आभासीरावांच्या पोटात दुखत असे. या खेपेला त्यांनी मागचापुढचा विचार न करता, मंडळाची पत्रं पाठवणारं जे आभासी यंत्र होतं, त्यावरच नवी आवृत्ती चढवली. यंत्राने मान टाकली.

घाबरायचं कारण नव्हतं. चालत्या आभासी यंत्राचा, आहे त्या क्षणाचा, जसाच्या तसा ठसा काढून ठेवता येतो. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. पुढे काही बिघडलं तर त्या ठशावर परत जायचं. यंत्र जागं होतं आणि मधलं काही घडलंच नाही अशा थाटात पूर्वीचं काम पुढे चालू करतं. 'जुने ठसे साठवू नका, काम सुरू करण्याआधी ताजा ठसा घ्या' हे आभासीराव दर बातमीपत्राच्या शेवटी ठळक अक्षरात लिहीत. त्या संध्याकाळी घाईत ताजा ठसा घ्यायचा राहिला. यादीत एकच ठसा होता. त्यांनी तारीख न बघता तो निवडला, यंत्र जागं झालं, आणि 'नवी आवृत्ती सध्या टाळावी' असं लिहायला ते मोकळे झाले.

रविवारी ते पहाटेपासून तयार होते. निघताना बाईंना म्हणाले, "छान होईल बघ." बाईंनी नुसतं हसून लॅपटॉपचा पडदा पुसला.

सभागृहात खुर्च्या मांडलेल्या होत्या, ध्वनिक्षेपक चालू होता, पहिल्या रांगेत साहेब बसले होते. अकरा वाजले. सव्वा अकरा होत आले. साहेबांखेरीज कोणी नव्हतं. साहेबांनी मागे वळून रिकाम्या रांगांवरून नजर फिरवली.

"श्रोतेही आभासीच आहेत का?"

"येतील, साहेब. आमची माणसं कधी चुकवत नाहीत."

आणि खरंच त्यांनी चुकवलं नव्हतं. आभासीरावांच्या फोनवर मंडळातल्या एकाने फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं: 'पोचलो. गर्दी जोरदार. तुम्ही कुठे आहात?' फोटोत माणसं दाटीवाटीने जमिनीवर बसली होती. जागा ओळखीची वाटत होती. आभासीरावांनी फोटो मोठा केला. मागे निळ्या चौकटींचा पडदा होता, एका बाजूने खाली उतरलेला. तो तिरका पडदा त्यांनी स्वतःच्या हाताने लावला होता, आणि त्यावरून चार दिवस बोलणी खाल्ली होती. कोपऱ्यात इस्त्रीचा सदरा घालून अप्पा उभे होते.

आभासीरावांनी फोनवरच ई-मेलची, एरवी कधी न उघडलेली एक पेटी उघडली. मंडळाची पत्रं आपणच लिहितो, मग ती वाचायची कशाला, म्हणून त्यांची प्रत त्यांनी परस्पर एका पेटीत जायची सोय केली होती. सगळ्यात वर नवं बातमीपत्र होतं आणि त्याच्या खाली शुक्रवारी संध्याकाळी गेलेलं पत्र: 'येत्या रविवारी सकाळी अकराला माझ्या घरी जमू या. जागा लहान आहे, सांभाळून घ्या.' खाली घरचा पत्ता.

हे मागच्या वर्षीचं आमंत्रण होतं. तेव्हा मंडळ नवीन होतं आणि सातआठ माणसं बैठकीच्या खोलीत आरामात मावली होती. ते पत्र सोडायच्या ऐन आधी, काही गडबड व्हायला नको म्हणून, आभासीरावांनी यंत्राचा ठसा काढला होता. शुक्रवारी त्या ठशावर जागं झालेलं यंत्र आपलं राहिलेलं काम इमानेइतबारे करून मोकळं झालं. पत्ते दुसऱ्या यंत्रात होते, ते आजचे, म्हणजे सगळ्या मंडळाचे. आणि ही माणसं अशी, की जे शेवटी आलं तेच खरं, अशी त्यांची श्रद्धा. सभागृहाचं पत्र जुनी आवृत्ती, घराचं पत्र नवी.

आभासीरावांनी अप्पांना फोन लावला.

"हळू बोल," अप्पा कुजबुजले. "आत सूनबाईंची मुलाखत चालू आहे."

"अप्पा, माणसं आत का घेतलीत?"

"बेल वाजू द्यायची नव्हती ना. पहिल्याने बेलकडे बोट नेलं, तेवढ्यात मी दार उघडलं. मग म्हटलं, दार उघडंच ठेवावं. म्हणजे बेलचा प्रश्नच मिटला."

"आता त्यांना घालवा."

"इतकी माणसं एकदम जिना उतरली तर केवढा आवाज होईल. आत्ता बघ, कोणी तोंडातून शब्द काढत नाही. सगळे आपापल्या फोनात आहेत."

"फोनात? नेट कुणाचं वापरतायत?"

"आपलंच. पासवर्ड मी दिला. पाहुण्यांना नुसतं पाणी विचारून भागत नाही हल्ली."

आभासीरावांच्या डोळ्यांपुढे ते चित्र लख्ख उभं राहिलं. त्यांच्या घरचं नेट एका लॅपटॉपला जेमतेम पुरायचं, आणि त्या लॅपटॉपवर या क्षणी बाईंची तिसरी संधी चालू होती.

"साहेब, मला घरी जावं लागेल."

"मेळाव्याचं काय?"

"मेळावा घरीच आहे."

साहेबांनी गाडीची किल्ली काढली. रस्ताभर आभासीराव एकच गोष्ट म्हणत होते, की ती महिनाभर तयारी करत होती हो. साहेबांनी गाडी जरा जास्तच जोरात मारली.

जिन्यात पहिल्या पायरीपासून चपला-बूट पसरले होते. दोघं त्यातून वाट काढत वर पोचले आणि उघड्या दाराशी थबकले.

खोलीच्या मधोमध बाई उभ्या होत्या, डाव्या हातावर उघडा लॅपटॉप. ऐन शेवटच्या प्रश्नाला समितीचं चित्र गोठलं होतं, म्हणून नेटच्या डब्याजवळ यावं या हेतूने त्या बाहेर आल्या, तर बाहेर हा बाजार भरलेला. नेट मंदावल्यामुळे मंडळाची शांतताही संपली होती. तिघे जण डब्याला घेरून वाद घालत होते, चौथा त्यांना परवाच्या बातमीतला उपाय वाचून दाखवत होता आणि बाकीचे एकाच वेळी बोलत होते.

"कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही. तो कधी चढवावाच लागत नसे.

खोली एकदम गप्प झाली.

"डब्याजवळचे तिघे, जागेवर बसा. सगळ्यांनी फोन बाहेर काढा. बंद करा. जमिनीवर पालथे ठेवा."

मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर ज्यांच्या जिवावर चालतात अशी पस्तीस-चाळीस माणसं निमूट वाकली. जमिनीवर फोन टेकल्याचे आवाज आले. मागच्या कोपऱ्यात एकाने हात वर केला.

"बाई, माझं डाऊनलोड नव्वद टक्के झालंय."

"काय उतरवताय?"

"नवी आवृत्ती."

"ती सध्या टाळावी असं तुमच्याच बातमीपत्रात आहे. वाचत नाही का तुम्ही?"

त्याने मान खाली घातली आणि फोन पालथा ठेवला. बाईंना आदल्या दिवशी चहाबरोबर ते बातमीपत्र मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं होतं. त्यांचा इलाज नव्हता.

तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली.

"आणि तुम्ही?"

"मी इथेच राहतो," आभासीराव म्हणाले.

"उशीर का झाला?"

आभासीरावांनी मागे जिन्यातल्या चपलांकडे पाहिलं.

"बाहेर उभे राहा. तुमच्या मागचे गृहस्थसुद्धा."

साहेबांनी विसेक वर्षांत असा हुकूम ऐकला नव्हता. ते एक पाऊल मागे सरकले आणि त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. बाईंच्या हातातल्या लॅपटॉपमधून घसा खाकरल्याचा आवाज आला. "बाई, दिसतंय आता." बाईंनी खाली पाहिलं. बोलण्याच्या भरात लॅपटॉप फिरला होता आणि त्याचा कॅमेरा खोलीकडे होता. तो किती वेळापासून बघत होता, हे विचारायचा धीर त्यांना झाला नाही. त्या आत गेल्या आणि दार लागलं.

पाचच मिनिटांत मुलाखत संपली. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "एकेक जण. रांगेने. धक्काबुक्की नको." मंडळ रांगेने जिना उतरलं. साहेबही त्याच रांगेत लागले. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या ऑफिसात भेटू. घरी जिवंत राहिलात तर."

बाईंनी दार लोटून घेतलं. आभासीरावांना कोणी आत बोलावलं नाही आणि आपणहून जायची त्यांची छाती झाली नाही. अप्पांनी फटीतून एक स्टूल सरकवलं.

"मला वाटलं, तू नेहमी सांगतोस, एका यंत्रात दहा मावतात. मग घरात चाळीस मावायला हरकत नव्हती," अप्पा अपराधी आवाजात म्हणाले.

आभासीराव जिन्यात स्टुलावर बसून दाराशी बोलत राहिले. बातमी, घाई, ठसा, मागच्या वर्षीचं पत्र, सगळं त्यांनी सांगून टाकलं. दर आठवड्याला लोकांना शहाणपण वाटणाऱ्या माणसाने स्वतः तारीख बघितली नाही, हेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "मला त्या यंत्राचं काही नाही गं. तुझी संधी माझ्यामुळे गेली, याचं फार वाईट वाटतंय." आतून भाजी चिरल्याचा आवाज येत होता आणि तो नेहमीपेक्षा जोरात होता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आत फोन वाजला. बाईंचे हात पिठाचे होते, म्हणून अप्पांनी तो उचलून मोठ्या आवाजावर ठेवला.

"बाई," समितीचे अध्यक्ष म्हणाले, "सगळा वर्ग एकदम बोलायला लागला तर काय कराल, हा शेवटचा प्रश्न आम्ही सगळ्याच उमेदवारांना विचारला. बाकीच्यांनी उत्तर दिलं. तुम्ही थेट वर्ग जमवून दाखवलात."

जिन्यात स्टूल करकरलं.

"आणि ते उशिरा आलेले दोघे. त्यातले पुढचे तर इतके छान घाबरले होते. नाटकात काम करतात का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "घरचेच आहेत. त्यांना सराव आहे."

"समितीचं एकमत झालंय. पद तुमचं. पण मला एक सांगा, एवढी तयारी केलीत कधी?"

बाई पिठाचे हात तसेच धरून दाराकडे आल्या आणि त्यांनी कोपराने दार उघडलं. आभासीराव स्टुलावरून उठून उभे राहिले.

"तयारी माझ्या मिस्टरांची," त्यांच्याकडे बघत बाई फोनवरच्या अध्यक्षांना म्हणाल्या. "त्यांनी ती मागच्या वर्षीच करून ठेवली होती."

अप्पांनी फोन बंद केला आणि इस्त्रीच्या सदऱ्याला डोळे पुसले. आभासीरावांनी स्टूल बाजूला सरकवलं आणि ते उंबऱ्याशी आले.

"आता आत येऊ?" त्यांनी विचारलं.

"आधी फोन बाहेर काढा."

त्यांनी खिशातून फोन काढला. तेवढ्यात तो हातातच थरथरला. कुठली तरी नवी आवृत्ती निघाली होती. आभासीरावांनी बातमी न उघडता फोन उंबऱ्यावर पालथा ठेवला.

"या," बाई म्हणाल्या.