सुटे भाग, चालू स्थितीत

संग्रहालयाच्या तळघरात रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक गुन्हा घडत असे. मिस्त्री डबा संपवून हात धुवायचे, स्टोअरच्या मागच्या भिंतीला लावलेल्या जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनवरची चादर काढायचे, प्लग लावायचे आणि एक डाव खेळायचे. खाली एक होडी, वरून पडणारे दगड, दांडी हलवून होडी वाचवायची, एवढाच तो खेळ. गुन्हा खेळण्यात नव्हता. मशीन चालू होतं हाच गुन्हा होता. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये त्या मशीनपुढे ‘भंगार, सुट्या भागांसाठी’ असं लिहिलेलं होतं, आणि त्या संस्थेत रजिस्टरमध्ये असेल ते खरं आणि डोळ्यांना दिसेल ते तात्पुरतं, असा कारभार होता.

भंगारातलं हे मशीन चालू करायला मिस्त्रींना सहा वर्षं लागली होती. पिक्चर ट्यूबची मान डगमगत होती, तिला त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून आधार दिला होता. बोर्डावर इतक्या वेळा सोल्डरचे डाग दिले होते की मूळचा बोर्ड कुठे संपतो आणि मिस्त्री कुठे सुरू होतात हे त्यांनाही सांगता आलं नसतं. नोकरीत त्यांनी एरवी दारांच्या बिजागऱ्या, गळके नळ आणि पंखे सोडून काही केलं नव्हतं. वरून हुकूम आल्याशिवाय केलेलं हे एकच काम, आणि नेमकं तेच उत्तम झालं होतं. त्यांना त्याचा अभिमान होता, पण तो कोणाला सांगायची सोय नव्हती.

बायकोला एकदा सांगून पाहिलं होतं. ती म्हणाली, “सहा वर्षं? आणि आपला मिक्सर उद्या करतो, उद्या करतो म्हणताय, त्यालाही तेवढीच झाली.” त्यानंतर त्यांनी घरी विषय काढला नाही.

वर मोठ्या दालनात अगदी तस्संच दुसरं मशीन होतं. वस्तू क्रमांक दोनशे बारा. ते नऊ वर्षं बंद होतं आणि त्याच्यापुढे ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी होती. पाटीचा रंग उडाला म्हणून ती मात्र दोनदा दुरुस्त झाली होती. हे मशीन विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांच्या वडिलांनी दिलेलं. दांडीशेजारच्या फळीवर त्यांच्या सिगारेटचा काळा डागसुद्धा होता, आणि अध्यक्ष पाहुण्यांना तो डाग आवर्जून दाखवायचे.

तर त्या अध्यक्षांचं पत्र आलं. पंधरा दिवसांनी मंडळ येणार, तेव्हा दोनशे बारा चालू असायला हवं. पुढची वाक्यं वडिलांच्या आठवणींची होती. संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमनी पत्र वाचून कपाळाला हात लावला आणि मिस्त्री व स्टोअरकीपर या दोघांना खोलीत बोलावलं. स्टोअरकीपरला पाठीमागे सगळे ‘रजिस्टर’ म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला कोणतीही गोष्ट दोनदा बघितल्याशिवाय आणि तीनदा लिहिल्याशिवाय झोप येत नसे.

दोनशे बाराची ट्यूब गेली आहे, बोर्ड गेला आहे आणि पॉवर सप्लायही गेला आहे, असं मिस्त्रींनी सांगितलं. रजिस्टरचा चेहरा खुलला. नोकरीत पहिल्यांदाच कोणाला तरी लागणारी वस्तू त्याच्याकडे होती. तळघरात अख्खं मशीन सुट्या भागांसाठीच ठेवलेलं आहे, तिन्ही भाग त्यातून काढा आणि वर बसवा, असं तो म्हणाला. मॅडमनी मान डोलावली.

“ते काढता येणार नाही,” मिस्त्री म्हणाले. “ते चालू आहे.”

रजिस्टरने अगदी हळू आवाजात विचारलं, “चालू आहे? कोणाच्या परवानगीने?”

त्यानंतरचा अर्धा तास या प्रश्नावर गेला. मशीन चालू आहे ही आनंदाची गोष्ट आहे, असं सुचवायचा मॅडमनी एक दुबळा प्रयत्न केला. रजिस्टरने तो हाणून पाडला. भंगार चालू सापडलं तर लेखापरीक्षणात पहिला प्रश्न येणार, की चालू वस्तू भंगारात कोणी टाकली, आणि त्या नोंदीखाली मॅडमची सही होती. ते चालू म्हणून नोंदवायचं तर मंडळाचा ठराव हवा, त्याला सात महिने. तेव्हा सोपा मार्ग म्हणजे ते लवकरात लवकर मोडणं.

“मग खालचं मशीन सरळ वर आणून ठेवू या,” मिस्त्री म्हणाले. “दिसायला सारखंच आहे. नंबराची पट्टी बदलली की झालं.”

रजिस्टरने दोनशे बाराचा फोटो पुढे सरकवला. डावीकडे ओरखडा, उजव्या फळीवर देणगीदाराच्या नावाची पितळी पट्टी, दांडीजवळ सिगारेटचा डाग. अध्यक्ष आल्याबरोबर आधी डाग बघतात, हे तिघांनाही ठाऊक होतं. वस्तू म्हणजे खोकं, आत काय आहे त्याची नोंद कुठेच नाही, असं रजिस्टरने समजावलं. ट्यूबची मान काढताना तुटेल, तशी ट्यूब आता जगात कुठे बनत नाही, हे मिस्त्रींनी दोनदा सांगितलं. पण ट्यूबच्या मानेची नोंदही कुठेच नव्हती.

मिस्त्री खाली गेले आणि त्या दिवशी खेळले नाहीत. स्टुलावर बसून मशीनकडे बघत राहिले. आणखी दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. आपल्यामागे या इमारतीत आपलं असं काय राहणार, याचं त्यांच्याजवळ हे एकच उत्तर होतं, आणि आता तेच मोडायचं कामही त्यांनाच दिलं होतं. त्यांना रडू नाही आलं, राग आला. आणि रागात माणसाला कधी कधी सुचतं.

वस्तू म्हणजे खोकं ना? मग आतले भाग खोक्यात कशाला न्यायचे? खोकंच भागांवर आणावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे बारा दुरुस्तीसाठी म्हणून खाली उतरवून घेतलं. मॅडमना त्यांनी बेत सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्या म्हणाल्या, “मला काही सांगू नका, मिस्त्री. जे मला माहीत नाही, त्यावर मी शांतपणे सही करू शकते.” आणि त्या दार ओढून गेल्या. मिस्त्रींनी दोनशे बाराच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या, वरची रंगीत काच आणि दांडीजवळची डागाची फळी सोडवली, आणि स्क्रूमागून स्क्रू ते सगळं आपल्या चालू मशीनवर चढवलं. ट्यूबला बोट लावलं नाही, बोर्डाला वारा लागू दिला नाही. उरलेल्या जुन्या फळ्या बंद सांगाड्याला ठोकल्या. चार दिवसांत तळघरातलं मशीन बाहेरून दोनशे बारा झालं.

रजिस्टर तपासायला आला. त्याने फोटो धरून ओरखडा मोजला, पितळी पट्टी वाचली, डागावरून बोट फिरवलं आणि समाधानाने मान हलवली. मग बंद सांगाड्यात वाकून बघत त्याने विचारलं, की यात तिन्ही भाग अजून दिसताहेत ते कसे? वरचे खराब भाग यात बसवून ठेवलेत, इकडेतिकडे पडू नयेत म्हणून, असं मिस्त्रींनी ठोकून दिलं. रजिस्टरला ही टापटीप फारच आवडली. त्याने सुटे भाग वापरल्याचा फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता, ‘भाग काढताना व बसवताना आलेल्या अडचणी’. मिस्त्रींनी लिहिलं, ‘नाही’. खाली तिघांच्या सह्या झाल्या. मिस्त्रींनी त्या दिवशी घरी जाताना शीळ घातली.

मशीन वर दालनात गेलं आणि मंडळ आलं. अध्यक्षांनी आधी डाग बघितला, मग मशीन सुरू केलं. होडी आली, दगड पडू लागले. पहिल्या डावात अध्यक्ष अर्ध्या मिनिटात बुडाले, दुसऱ्यात त्याहून लवकर. तिसऱ्या डावात त्यांचे डोळे भरून आले आणि वडिलांच्या मांडीवर बसून आपण हाच खेळ कसा खेळायचो ते ते सांगू लागले. मागे उभे असलेले मिस्त्री छाती भरून बघत होते. उद्यापासून दालनात येणारं कोणीही हा खेळ खेळणार, आपण नसलो तरी खेळणार, असं त्यांच्या मनात आलं. आयुष्यात इतका आनंद त्यांना फारसा झाला नव्हता.

अध्यक्षांनी डोळे पुसले आणि मशीनच्या माथ्यावर हात ठेवला. “इतकी मोलाची वस्तू आपण कोणाच्याही हाती देणार होतो,” ते म्हणाले. “आजपासून याला कोणी हात लावायचा नाही. चारी बाजूंनी काच बसवा.”

टाळ्या वाजल्या. तेवढ्यात रजिस्टर खाकरला. बंद काचेच्या आत विजेचं कोणतंही उपकरण ठेवता येत नाही, आगीचा नियम आहे, कलम नववं, असं त्याने नम्रपणे सांगितलं. मिस्त्रींना जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

“मग विजेचे भाग काढून ठेवा,” अध्यक्ष म्हणाले. “वस्तू तर खोकंच आहे ना?”

मिस्त्री पुढे झाले. साहेब, ट्यूब काढली तर फुटेल, आणि एकदा फुटली की संपलं, असं त्यांनी घाईघाईने सांगितलं. अध्यक्ष बुचकळ्यात पडले. रजिस्टरने तत्परतेने फाइल उघडली आणि फॉर्मवरच्या त्या रकान्यावर बोट ठेवलं.

“गेल्याच आठवड्यात तुम्ही ती एका मशीनमधून काढून दुसऱ्यात बसवलीत,” अध्यक्ष म्हणाले. “अडचण नाही, असं लिहिलंय. मग आता काय झालं?”

मिस्त्रींनी मॅडमकडे पाहिलं. खरं काय ते सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. पण फॉर्मवर मॅडमची सही होती, रजिस्टरची होती, आणि ज्याचं कौतुक करून अध्यक्ष आत्ता रडले ते मशीन वडिलांचं नव्हतंच, हेही त्याच वाक्यात आलं असतं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. मिस्त्रींना त्यांचा भयंकर राग आला, आणि लगेच त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण ‘नाही’ हा शब्द त्यांच्याच अक्षरात होता.

“काही नाही साहेब,” ते म्हणाले. “काढतो.”

सोमवारी संग्रहालय बंद असतं. त्या दिवशी सकाळी रिकाम्या दालनात त्यांनी मशीनचं मागचं दार उघडलं. पॉवर सप्लाय निघाला, बोर्ड निघाला. मग त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोडवला आणि दोन्ही हातांनी पिक्चर ट्यूब इतकी हळू ओढली, की शेजारी पेन घेऊन उभ्या असलेल्या रजिस्टरनेही श्वास रोखला. मान तुटली. फार मोठा आवाज झाला नाही, नुसती फुस्स करून आत हवा गेली. मिस्त्री तशीच ती ट्यूब मांडीवर घेऊन खाली फरशीवर बसले.

रजिस्टरनेही शेजारी बैठक मारली, मांडीवर वही उघडली आणि बोर्ड, पॉवर सप्लाय, ट्यूब असे तीन भाग एकाखाली एक लिहिले. शेवटच्या रकान्यापाशी त्याचं पेन अडलं. तुटलेली मान त्याच्या डोळ्यांसमोर होती. नोकरीत पहिल्यांदाच तो डोळ्यांना दिसणारं लिहावं की नाही याचा विचार करत होता.

“चालू लिहू, की बंद?” त्याने हळूच विचारलं.

मिस्त्रींनी ट्यूब फडक्यात गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली.

“चालू लिहा,” ते म्हणाले. “बंद लिहिलंत, तर कोणीतरी दुरुस्त करायला बसेल.”