सासऱ्यांची चाकं

चाकं बसली, पण आतल्या बाजूला खर्र खर्र घासायला लागली. जावईबापूंनी अंगणात गाडीखाली मान घातली आणि ती बाहेर काढली तेव्हा चेहरा पार पडला होता. चाकं सासऱ्यांची होती. सासरे आयुष्यभर लोकांना गाडी शिकवत आले. चालवणाऱ्याच्या शेजारी बसायचे आणि चूक झाली की पेनानं डॅशबोर्डवर टक् टक् करायचे. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून पास झालं, एकटा जावई सोडून. "अजून हात बसला नाही," असं म्हणत म्हणत ते वारले. सासूबाईंनी त्यांची गाडी मोडीत काढली, पण तिची रुंद, देखणी चाकं जावयाला दिली. आता त्याच चाकांवर सासूबाईंना फिरवून आणायचं आणि 'येते हो तुम्हाला गाडी' एवढं त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, असा जावईबापूंनी ध्यासच घेतला होता.

"मिस्त्रीकडे ने ना," बायको म्हणाली.

"हॅट्! स्पेसर घातला की झालं. चाकामागे जाड चकती बसवायची, चाक तेवढं बाहेर सरकतं. घासणं बंद!"

त्यांनी चकत्या आणल्या, बसवल्या आणि जुनेच बोल्ट दात-ओठ खाऊन आवळले. मध्ये चकती आली म्हणजे बोल्टही लांब लागणार, हे काही डोक्यात आलं नाही. उत्साहाच्या भरात माणसाचं असंच होतं.

दुपारी मायलेकी मागच्या सीटवर बसल्या. जावईबापूंच्या शेजारची जागा रिकामी होती. पहिल्याच वळणावर ते झोकात वळले आणि आवाज आला, टक् टक्.

बाहेर लख्ख ऊन होतं, माणसांची वर्दळ होती, तरी बायकोच्या अंगावर काटा आला.

"आई, ऐकलंस?"

"ऐकलं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "इंडिकेटर दिला नाही ना त्यांनी."

ब्रेक उशिरा दाबला, टक् टक्. गाडी खड्ड्यात आदळली, टक् टक् टक्. हळू, शिस्तीत चालवली की सगळं चिडीचूप. जावईबापूंना घाम फुटला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर शेजारच्या सीटची गादी जरा दबल्यासारखी वाटली. परत पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून ते जीव मुठीत धरून, अगदी नियमानं गाडी हाकू लागले. रस्ता मोकळा असला तरी थांबून वाट द्यायचे. सासूबाई मात्र रोज नटूनथटून हजर. "चला, ह्यांना भेटून येऊ," म्हणायच्या. आणि एके सकाळी सरळ रस्त्यावर, काहीही चुकलेलं नसताना, टकटक सुरू झाली ती थांबेचना. जावईबापूंनी गाडी थेट गॅरेजात घातली.

मिस्त्रीनं चाकाला हात लावला आणि बोल्ट त्याच्या बोटांतच आला.

"साहेब, बोल्ट आखूड पडलेत. चाक नुसतं टोकावर अडकलंय, ते हलतं म्हणून वाजतंय. जोरात हाणली असती तर चाक पुढे आणि तुम्ही मागे! वाचलात कसे? फारच जपून चालवता वाटतं. इतका सांभाळून चालवणारा माणूस मी पाहिला नाही."

जावईबापूंचे डोळे पाणावले. "आई, ऐकलंत?"

"ऐकलं." सासूबाई जरा उदास झाल्या होत्या. "येते हो तुम्हाला गाडी."

लांब बोल्ट बसले. टकटक गेली. मागे बायको गुपचूप डोळे पुसत होती, कारण तिचे बाबा आता खरोखरच गेले होते. जावईबापूंना मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं. ते शीळ घालत, उजवीकडे न पाहता, डावीकडे न पाहता, भर वेगात चौकात घुसले.

गाडी कचकन थांबली. नाकासमोरून एक ट्रक धडधडत गेला.

जावईबापूंनी खाली पाहिलं. त्यांचा पाय अजून अ‍ॅक्सिलरेटरवरच होता. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायापाशी वेगळा ब्रेक असतो, पण या गाडीत तसलं काही नव्हतं.

मागून सासूबाई मान चोळत रिकाम्या सीटकडे वाकल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता.

"अहो, जरा हळू दाबत जा ना. मान लचकली माझी."