वाऱ्याला फुटले पाय

वाऱ्याची पिशवी धुवायला टाकण्याची कल्पना विमानतळाच्या व्यवस्थापकांची स्वतःची होती, आणि त्यांच्या सगळ्याच कल्पनांसारखी तीही त्यांना झकास वाटली होती. धावपट्टीशेजारच्या उंच खांबावरची ही नारिंगी कापडी नळी वाऱ्याने फुगते आणि ती कुठल्या बाजूला फुगली आहे ते बघून वैमानिक विमान उतरवतो. दिवसातून एकदाच येणाऱ्या एकोणीस आसनी विमानासाठी नियंत्रण मनोरा कोण बांधणार? सगळी भिस्त पिशवीवर. त्यात आज अकराच्या विमानाने मुख्य कार्यालयातून तपासनीस बाई येणार होत्या. त्यांनी परवान्यावर शिक्का मारला तर विमानतळ चालू, नाही तर सोमवारपासून कुलूप. अशा दिवशी खांबावर मळकं कापड शोभतं का?

"अहो, हातानं धुऊ की मशीनमध्ये टाकू?" मागच्या क्वार्टरमधून बायकोने आदल्या दिवशी विचारलं होतं.

"मशीनमध्ये टाक. चकाचक झाली पाहिजे."

सकाळी दहा वाजता ती बादली घेऊन ऑफिसात आली. बादलीत नारिंगी चिंध्या होत्या. इतकी वर्षं उन्हापावसात ती पिशवी निव्वळ मळाच्या आधारावर तग धरून होती. मळ गेला तशी पिशवीही गेली.

"काळजी करू नकोस, मी आहे ना," व्यवस्थापक म्हणाले. बावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी उठता-बसता म्हटलं होतं. कोठाराच्या वहीत एका जादा पिशवीची नोंद होती. ते तडक कोठारात गेले आणि तिथे त्यांना आठवलं, की जादा पिशवी सहा वर्षांपूर्वीच खांबावर चढली होती. म्हणजे तीच आता बादलीत होती. आणि खांब रिकामा दिसला तर वैमानिकाने उतरायचंच नाही, असा नियम. बाई वरच्या वर परत जाणार, शिक्क्यासकट.

तेवढ्यात समोरून बंबवाले आले. विमानतळाच्या एकुलत्या एक आगीच्या बंबाचे चालक, जवान आणि प्रमुख ते एकटेच. अंगात निळा कोट, खाली झगझगीत नारिंगी पँट. व्यवस्थापक त्या पँटकडे बघतच राहिले.

"बंबवाले, पँट काढा."

"काय म्हणता काय साहेब?"

"कमरेतून वारा शिरेल, पायातून बाहेर पडेल. दुसरा पाय आत दुमडून चार टाके घालू. अहो, शिंप्यानं पिशवीच शिवलीय ही!"

"आणि माझ्या पायांचं काय?"

"तुम्ही बंबात बसून राहा. खिडकीच्या वर गणवेश पूर्ण आहे. खाली कोण बघतंय?"

"घरून दुसरी घेऊन येतो."

"सायकलनं घर आठ किलोमीटर लांब, विमान पन्नास मिनिटांवर. बसा मुकाट्यानं."

पँट खांबावर चढली, टरारून फुगली आणि विमान अलगद उतरलं. व्यवस्थापकांना स्वतःचा भारी अभिमान वाटला.

तपासनीस बाई शिडशिडीत होत्या. हातात फाइल, आणि तोंडात एकच शब्द. प्रतीक्षालय पाहिलं, "हं." सामानाचा काटा पाहिला, "हं." त्यांची नजर वर जाऊ नये म्हणून व्यवस्थापकांनी विमानतळाचा इतिहास सुरू केला.

"पन्नास वर्षांपूर्वी इथं नुसतं गवत होतं, बाई. एक वैमानिक रस्ता चुकला, इंधन संपत आलं म्हणून इथं उतरला. लोकांना वाटलं, विमान सुरू झालं! दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं ट्रंका घेऊन रांगेत उभी. त्या रांगेला नाही कोण म्हणणार? झाला विमानतळ."

"हं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आगीच्या भोंग्याचं बटण दाबलं.

नियमाप्रमाणे बंबाने तीन मिनिटांत धावपट्टीचं टोक गाठायला हवं. बंबवाले आधीच आत बसलेले. ते पावणेदोन मिनिटांत पोचले, बसल्या जागी दांडा ओढून टपावरच्या नळीतून फवारा उडवला आणि तसेच परत आले. बाईंनी घड्याळ दोनदा पाहिलं.

"शाबास! बोलवा त्यांना खाली. अभिनंदन करायचंय मला."

"ते उतरत नाहीत, बाई. विमान इथं असेपर्यंत बंब सोडायचा नाही, असा त्यांचा कडक नेम आहे."

"मग मीच जाते."

बाईंनी बंबाच्या पायरीवर पाय ठेवला, दाराच्या मुठीला हात घातला. आतून बंबवाल्यांनी दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं. "नको बाई, आत फार धूळ आहे!" ते कळवळून ओरडले. नेमका त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला, खांबावरचे चारही टाके उसवले आणि आत दुमडलेला पाय बाहेर पडला. विमानापाशी उभा असलेला वैमानिक मान वर करून हसायला लागला. बाईंनीही वर पाहिलं.

"व्यवस्थापक," त्या शांतपणे म्हणाल्या, "वाऱ्याला पाय कधी फुटले?"

 बावीस वर्षांत पहिल्यांदाच व्यवस्थापकांना मनापासून भीती वाटली. क्वार्टर, खुर्ची, रोजचं ते एक विमान, सगळं या पँटला लटकलं होतं. त्यांनी मशीनपासून टाक्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं आणि शेवटी छाती पुढे काढली. "पण दिशा बरोबर दाखवतेय, बाई. तीही दोन्ही पायांनी!"

बाईंनी पर्समधून रुमाल काढून वाऱ्यात धरला. पँटकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं. मग फाइल गुडघ्यावर ठेवून परवान्यावर धाडकन शिक्का मारला.

"दिशा अचूक आहे. चालू द्या. मात्र तपासणीत पास झालेली वस्तू पुढच्या तपासणीपर्यंत बदलता येत नाही. वर्षभर हीच राहील."

"अर्थात! अर्थात!" व्यवस्थापक म्हणाले. त्या क्षणी ते कशालाही अर्थात म्हणाले असते.

विमान गेलं. बंबाची काच खाली आली.

"पास झालो का, साहेब?"

"म्हणजे काय! मी होतो ना."

"मग उतरवा माझी पँट."

व्यवस्थापकांनी घसा खाकरून वर्षभराचा नियम समजावून सांगितला. बंबवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. खांबाकडे पाहिलं. मग व्यवस्थापकांना सावकाश वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"साहेब," ते म्हणाले, "तुमची कंबर किती?"